एक डाव आणखी

मराठी घरातला पत्त्यांचा कॅट ओळखायला सोपा असतो. तो मूळच्या खोक्यात कधीच नसतो. खोके केव्हाच फाटलेले असते आणि पाने रबराने बांधून टीव्हीखालच्या खणात, जुन्या चाव्या आणि संपलेल्या सेलांच्या संगतीत पडलेली असतात. मोजायला बसलात तर ती एकावन्न भरतात. बावन्नावे पान म्हणजे एक जोकर, आणि त्याच्या कोपऱ्यात कुणीतरी बॉलपेनने ‘चौकट तिर्री’ असे लिहिलेले असते. हा जोकर दुसऱ्याच कॅटमधला असल्याने त्याची पाठ वेगळ्या रंगाची असते. त्यामुळे चौकट तिर्री कुणाच्या हातात आहे हे सगळ्यांना दिसत असते. तरीही कुणी तक्रार करत नाही आणि डाव सुरू होतो.

अशा कॅटवर जे खेळ चालतात त्यांच्याविषयी मला लिहायचे आहे. ब्रिज किंवा बुद्धिबळाविषयी नव्हे. त्यांना ग्रंथ आहेत, संघटना आहेत, स्पर्धा आहेत. मी म्हणते आहे ते बदाम सात, झब्बू, पाच-तीन-दोन, मेंढीकोट, गुलामचोर, चॅलेंज, भिकार-सावकार या मंडळींबद्दल. ‘कुकर होईपर्यंत एक डाव टाकू’ असे ज्यांच्याबद्दल म्हणता येते ते हे खेळ. गणपतीच्या दिवसांत कोकणातल्या घरांमध्ये रात्र जागवायला हेच उपयोगी पडतात आणि लांबच्या रेल्वेप्रवासात चौघांच्या गुडघ्यांवर सतरंजी पसरून खेळले जातात तेही हेच. त्यांचे नियम बहुतेकांनी कुठल्याही पुस्तकात वाचलेले नसतात. मामाने सांगितले, मावसभावाने शिकवले आणि त्यांच्याकडून चुकत-माकत ते आपल्याकडे आले.

या खेळांची थोरवी त्यांच्या लहानपणात आहे असे मला वाटते. बदाम सातचेच बघा. सगळी पाने वाटायची, बदाम सत्ती ज्याच्याकडे असेल त्याने ती टाकायची, मग वर अठ्ठी, खाली छक्की, नाहीतर दुसऱ्या रंगाची सत्ती. पान लागत नसेल तर ‘पास’. एवढे सांगायला दोन मिनिटे लागतात आणि डाव संपायला दहा. पण या दहा मिनिटांत एखादी शांत दिसणारी काकू किल्वरची छक्की इतकी दाबून ठेवते, की तिच्या खालची सगळी पाने हातात धरून बाकीचे तळमळत बसतात. झब्बूत तर कालपर्यंत गळ्यात गळा घालून हिंडणारा भाऊ नेमका तुमच्या राजावर झब्बू देतो आणि अख्खा ढीग तुमच्या पदरात टाकतो. तुम्ही चिडता, तो हसतो, आणि पाच मिनिटांनी पाने पुन्हा पिसली जातात.

हे पुन्हा पिसणे महत्त्वाचे आहे. मोठ्या खेळात दोन तास डोके चालवून माणूस हरला, तर ती हार तो अंथरुणापर्यंत घेऊन जातो. छोट्या डावातली हार मात्र पुढची पाने वाटली जाईपर्यंतच टिकते. एका संध्याकाळी माणूस आठदहा वेळा हरतो आणि दोनतीनदा जिंकतो. हरण्याची सवय लागायला याहून स्वस्त शाळा मला माहीत नाही. परीक्षेत हरायला वर्ष लागते, नोकरीत हरायला त्याहून अधिक. पहिल्यांदाच तिथे जाऊन हरण्यापेक्षा वयाच्या सहाव्या वर्षी गुलामचोरात चोर ठरलेले बरे.

त्यातही आपल्या लोकांनी एक फार शहाणी सोय करून ठेवली आहे. तिचे नाव कच्चा लिंबू. ज्याला अजून नियम पेलत नाहीत त्या पोराला खेळात घ्यायचे, पाने द्यायची, त्याची पाळी आली की टाकू द्यायचे, पण हार मोजायची नाही. त्याला बाहेर बसवायचे नाही आणि त्याच्यापायी खेळही बिघडवायचा नाही. मग एके दिवशी ते पोर स्वतःच पुढे सरसावून म्हणते, ‘मी आता कच्चा लिंबू नाही.’ घराघरांतून होणारा हा एक संस्कार आहे. त्याला मुहूर्त लागत नाही, एवढेच.

आमच्या घरातला खेळ पाच-तीन-दोनचा. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. तिघांचा खेळ. अठ्ठीपासून एक्क्यापर्यंतची अठ्ठावीस पाने आणि दोन सत्त्या, अशी तीस पाने. प्रत्येकाला दहा. पहिली पाच पाने पाहून एकाने हुकूम बोलायचा आणि त्याने पाच हात करायचे. पिसणाऱ्याने दोन, तिसऱ्याने तीन. ज्याचे हात कमी पडतील त्याच्याकडून पुढच्या डावात जास्त हात करणाऱ्याने पाने ओढायची. गंमत अशी, की ही ओझी फिरती असतात. या डावात ज्याच्यावर पाचाचा भार आहे तो पुढे दोनावर निवांत बसतो. तीन डावांत प्रत्येकाला सगळ्या भूमिका मिळतात. घरातली कामे याच रीतीने वाटली गेली असती तर किती भांडणे वाचली असती!

सांगलीला अण्णा, आई आणि मी असे आम्ही तिघे हा खेळ खेळत असू. लग्नानंतरही मी माहेरी गेले की रात्रीची भांडी आवरून सतरंजी पडत असे. आईचा एक हट्ट होता. हातात किल्वरची तीनच पाने असली तरी ती किल्वर हुकूम बोलायची. अण्णा दर वेळी म्हणायचे, ‘अगं, बघून बोल.’ ती दर वेळी म्हणायची, ‘बघूनच बोलतेय.’ आणि अनेकदा तिचे पाच हात व्हायचेही.

आई २०११ साली गेली. अण्णा मुळातच कमी बोलणारे. ते आणखी गप्प झाले. मी जाऊन राहिले की चहा झाला का, पाणी आले का, औषध घेतले का, एवढ्यावर आमचे बोलणे संपायचे. आईचा विषय मी काढला तर ते उठून गॅलरीत जात. कॅट खणातच होता, पण दोघांत पाच-तीन-दोन होत नाही. दोघांचेही खेळ आहेत, पण ते काढावेत असे दोघांपैकी कुणालाच वाटले नाही.

दोन वर्षांनी मे महिन्याच्या सुट्टीत माझी मुलगी, तेव्हा आठ वर्षांची, खणातून कॅट काढून घेऊन आली आणि आजोबांसमोर बसली. ‘मला शिकवा.’ अण्णांनी चष्मा लावला, दुर्रीपासून छक्कीपर्यंतची पाने बाजूला काढली, चारातल्या दोन सत्त्या वेगळ्या केल्या आणि शिकवायला लागले. उतारी कोणाची, रंगाला रंग का द्यायचा, हुकमाने कधी मारायचे. गेल्या दोन वर्षांत मिळून ते जेवढे बोलले नसतील तेवढे त्या तासाभरात बोलले. तिला त्यांनी कच्चा लिंबू धरले नाही. तिचे हात कमी पडले तेव्हा मुद्दाम हरले नाहीत, सरळ पान ओढून तिचा एक्का घेतला. तिचे डोळे भरून आले. मी काही बोलणार एवढ्यात तेच म्हणाले, ‘रडीचा डाव नको. आता हुकूम तू बोलायचास.’ ती पाने पाहू लागली. तिला काही सुचेना. तेव्हा अण्णा तिच्याकडे न बघता म्हणाले, ‘तुझी आजी असती तर किल्वर बोलली असती.’

दोन वर्षांत आईचा उल्लेख त्यांनी आपण होऊन केला तो तेव्हा. मी काही बोलले नाही, पाने लावत राहिले. समोरासमोर बसून जे बोलता येत नाही ते हातातल्या पानांकडे बघत बोलता येते, हे मला त्या रात्री दिसले. डोळ्यांना आणि हातांना काम मिळाले की तोंड मोकळे होते. त्या सुट्टीत मग आईच्या कितीतरी गोष्टी निघाल्या, सगळ्या दोन डावांच्या मध्ये, पाने पिसताना.

मोठ्या खेळांचा मान मोठा, पण आयुष्य लहान खेळांना जास्त लाभते असे दिसते. सावंतवाडीची गंजिफा घ्या. दशावतारी गंजिफेत एकशेवीस गोल पाने, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा. निम्म्या रंगांत आकड्यांची चढण उलटी. उतारी दिवसा रामाची, रात्री कृष्णाची. कोणती पाने पडून गेली हे लक्षात ठेवायला तल्लख डोके हवे. सावंतवाडीच्या शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी १९७०च्या दशकात ही कला पुन्हा उभी केली म्हणून ती रंगवणारे हात टिकले. पण आज गंजिफा विकत घेणारे बहुतेक लोक ती शोकेसमध्ये ठेवतात. सतरंजीवर बसतो तो बदाम सातच.

मोक्षपटाचेही तसेच. त्याच्या घराघरांवर पाप-पुण्यांची नावे होती आणि शेवट मोक्षात होता. परंपरा त्याचा संबंध ज्ञानेश्वरांशी जोडते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये त्याची सापशिडी झाली, तत्त्वज्ञान गळून पडले, आणि पाच वर्षांचे मूल आजोबांना बरोबरीने हरवू शकते एवढे मर्म तेवढे उरले. पचिसीचाही तिकडे लुडो झाला.

नवे खेळही याच वाटेने येतात. ‘उनो’ आता आपल्याकडच्या मुलांनाही पाठ आहे. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात मर्ल रॉबिन्स नावाचा एक न्हावी होता. ‘क्रेझी एट्स’ या पत्त्यांच्या खेळाच्या नियमांवरून मुलाशी त्याचा वाद झाला आणि त्यातून १९७१ साली हा खेळ निघाला. हे वाचल्यावर मला तो माणूस आपल्यातलाच वाटला. कारण ‘आमच्याकडे असं नाही खेळत’ हे वाक्य ऐकू आले नाही असे घर नाही. नवी सून येते ती माहेरचे लोणचे आणि माहेरचे झब्बूचे नियम घेऊन येते, आणि दोन्हींवर चर्चा होते.

दुसरा एक फ्रेंच खेळ आहे, ‘डॉबल’. पंचावन्न गोल पत्ते, प्रत्येकावर आठ चित्रे, आणि कोणतेही दोन पत्ते उचला, नेमके एकच चित्र दोन्हींत सारखे. ते आधी ओळखेल त्याची सरशी. या रचनेमागे भूमितीतले एक सुंदर गणित आहे आणि त्या हिशेबाने सत्तावन्न पत्तेसुद्धा होऊ शकतात. पण मुलांना त्याची फिकीर नसते. त्यांना एवढेच कळते, की या खेळात मोठी माणसे मंद आहेत. सेइजी कनाई या जपानी कल्पकाचा २०१२ सालचा ‘लव्ह लेटर’ तर अवघ्या सोळा पत्त्यांत संपतो.

‘हे सगळे फोनवर आहेच की,’ असे कुणी म्हणेल. खरे आहे. नवी मुंबईतल्या कंपनीने २०१६ साली काढलेल्या ‘लुडो किंग’ने २०२० च्या टाळेबंदीत दूरदूरच्या भावंडांना एका पटावर आणले, त्याचे ऋण मी मानते. पण फोन पाने स्वतःच वाटतो, स्वतःच मोजतो आणि चुकीचे पान टाकूच देत नाही. सतरंजीवर मात्र नियम आपणच पाळायचे असतात आणि दुसऱ्याने मोडला तर आपणच बोलायचे असते. ते भांडण मिटवून पुढची पाने वाटणे हाही खेळाचाच भाग आहे.

आता पत्त्यांच्या काळ्या बाजूबद्दल. आमच्या आजीच्या पिढीत पत्ते हा शब्दच वाईट होता आणि त्याला कारण होते. डाव छोटा असतो म्हणून हार सोसते हे खरे, पण तेही हार डावाएवढीच राहिली तर. तिथे पैसा लागला की तोच छोटेपणा घात करतो. दहा मिनिटांत हरलेले पुढच्या दहा मिनिटांत भरून काढू, असे वाटते आणि रात्र सरते. महाभारतातले दुसरे द्यूत एकाच डावाचे होते. त्यात बारा वर्षांचा वनवास आणि एक वर्षाचा अज्ञातवास पणाला लागला. रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली म्हटले होते, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदा केला. कायद्याचा कीस वकील काढोत. घरापुरता नियम सोपा आहे: पणाला शेंगदाणे लावावेत, आणि डाव संपला की ते खाऊन टाकावेत.

तेव्हा वाचकहो, कॅट शोधून ठेवा. घरात चार वर्षांचे मूल असेल तर भिकार-सावकार. सहासात वर्षांचे असेल तर गुलामचोर. तिघे असाल तर पाच-तीन-दोन, चौघे असाल तर मेंढीकोट, आणि पाहुण्यांनी घर भरले असेल तर झब्बू किंवा चॅलेंज. परदेशातून आलेल्या भाच्याला मराठी येत नसेल तर बदाम सातला बसवा. दोन दिवसांत तो सत्ती, अठ्ठी, नव्वी, दश्शी म्हणायला लागेल आणि तिसऱ्या दिवशी ‘पास’ म्हणताना खोटे बोलायलाही. आणि घरात कुणी फार दिवसांपासून गप्प असेल, तर त्याला काही विचारू नका. पाने त्याच्या हातात द्या आणि पिसायला सांगा.