पंप कुठे, पंखे कुठे?

मी वाणिज्य शाखेचा, तरी गेल्या मे महिन्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी संगणकाला पाण्याचा कूलर मीच बसविला. यात पंप पाणी फिरवितो, पंखे ते निववितात. पंपाची तार मी चुकून कॅबिनेटच्या पंख्याच्या जागी खोवली. ती जागा बोर्डाचे तापमान पाहून वेग ठरविते, प्रोसेसरचे नव्हे! पंप मंदावला, प्रोसेसर ९५ अंशांवर गेला आणि दादाचे जीएसटीचे काम अर्ध्यावर बंद पडले. बोलणी खाल्ली, ती वेगळीच.

पंपाला सतत पूर्ण १२ व्होल्ट हवेत. म्हणून तो ‘एआयओ पंप’ लिहिलेल्या जागी. पंखे ‘सीपीयू फॅन’वर, ती जागा रिकामी ठेवल्यास बहुतेक मदरबोर्ड सुरू होतानाच तक्रार करतात. चार पिनांपैकी दोन विजेच्या, तिसरी फेरे कळविते, चौथी वेग ठरविते. पंखे दोन असल्यास दोन तोंडांची तार मिळते.