रिओतला करार पारशिवनीच्या ग्रामपंचायतीत

रिओ दि जानेरोत १९९२ साली जैवविविधता करार सह्यांसाठी खुला झाला आणि १९९४ मध्ये भारताने त्याला मान्यता दिली. असा करार गावात थेट लागू होत नाही; त्यासाठी देशाला आपला कायदा करावा लागतो. डोंगराळ देशांनी वेगवेगळ्या वाटा धरल्या. भूतानने किमान ६० टक्के भूभाग जंगलाखाली राहील असं राज्यघटनेतच लिहून ठेवलं, तर नेपाळने वनं गावांच्या उपभोक्ता गटांकडे सोपवली. भारतात २००२ मध्ये जैविक विविधता कायदा झाला.

सातपुड्याच्या पायथ्याच्या पारशिवनी तालुक्यात लोकांना ओळखीचं आहे ते पेंचचं जंगल. १९७५ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९९९ मध्ये व्याघ्र प्रकल्प. ते वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं, वनविभाग सांभाळतो. करार मात्र जंगलाच्या हद्दीवर थांबत नाही. बांधावरचा मोह, बोडीतले मासे, गवळाऊ गाय, घरात राखलेलं धानाचं बियाणं हे सगळं त्यात मोडतं. त्याची जबाबदारी येते ती ग्रामपंचायतीवर.

जैविक विविधता कायद्याची रचना तीन थरांची आहे. वर चेन्नईचं राष्ट्रीय प्राधिकरण, मध्ये नागपूरला मुख्यालय असलेलं महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळ आणि खाली प्रत्येक स्थानिक संस्थेची जैवविविधता व्यवस्थापन समिती. २००४ च्या नियमांनुसार समितीत अध्यक्ष आणि जास्तीत जास्त सहा सदस्य असत. त्यांत किमान एक तृतीयांश महिला, किमान १८ टक्के अनुसूचित जाती-जमातींचे असत. समितीच्या हद्दीतल्या वनस्पती-प्राण्यांच्या वापराबद्दल ठरवताना प्राधिकरण आणि मंडळ या दोघांनाही तिचं मत घ्यावंच लागतं.

समितीचं मुख्य काम म्हणजे लोकजैवविविधता नोंदवही. गावात काय उगवतं, काय चरतं, कोणती पाला-मुळी कशावर चालते, हे गावकऱ्यांना विचारून लिहायचं. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली आणि पुढे दिरंगाई करणाऱ्या राज्याला महिन्याला दहा लाख रुपये भरायला सांगितले. मुदतीमुळे काम हललं, हे मान्यच. पण एका फेरीत भरलेली वही मला अर्धीच वाटते. मोहफूल आणि तेंदूपत्ता उन्हाळ्यात दिसतील; तरोट्याची भाजी आणि सात्या मात्र पाऊस पडल्यावरच. तिन्ही ऋतू रानात फिरणाऱ्या गुराख्याला आणि मोह वेचणाऱ्या बाईला विचारल्याशिवाय ती वही गावाची होत नाही.

वहीचा उपयोग पैशाच्या प्रश्नातही आहे. व्यापारी उपयोगासाठी गावच्या वनस्पती कुणी नेल्या, तर लाभाचा वाटा गावाला मिळावा, असं करार सांगतो. भारतीय कंपन्यांनाही तो लागू आहे, असा निर्णय उत्तराखंड उच्च न्यायालयाने दिव्य फार्मसीच्या खटल्यात डिसेंबर २०१८ मध्ये दिला. २०२३ च्या दुरुस्तीने मात्र ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञानाला या वाट्यातून सूट दिली. ती मला गावांच्या दृष्टीने तोट्याची वाटते, कारण ज्ञान ग्रंथातलं असलं तरी झाड गावचंच असतं. मात्र ग्रंथबद्ध म्हणजे औषध कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत नाव असलेल्या ग्रंथांमधलं. पारशिवनीतल्या गोंड वैदूचं तोंडी ज्ञान त्यात येत नाही, आणि ते नोंदवहीत उतरलं म्हणून ग्रंथबद्धही ठरत नाही.