धान्याविना भाकरी
ताटातले बदल : लेखांक ६

आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीत शारदा प्रांगणात मुक्कामाला येते. पुढे काटेवाडीत धोतरांच्या पायघड्या आणि मेंढ्यांचं रिंगण, सणसरचा मुक्काम, बेलवाडीचं गोल रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर आणि सराटी. या वाटेवर गावोगावच्या घरांतून वारकऱ्यांसाठी भाकरीच्या चवडी येतात. सोबत पिठलं, ठेचा, कांदा. सराटीला नीरा ओलांडून पालखी अकलूजकडे जाते आणि आठवड्याभरात एकादशी येते. त्या दिवशी वाटेवरचा वारकरी आणि त्याला भाकरी वाढणारं घर, दोघंही ज्वारी, बाजरी आणि गव्हाला शिवत नाहीत. तरीही तव्यावर काहीतरी थापलं जातंच: शिंगाड्याचं थालीपीठ, राजगिऱ्याची पुरी, रताळ्याची पोळी.

धान्य वर्ज्य करूनही हातात धरून खाता येईल, भाजी गुंडाळता येईल असं काहीतरी करायचं, हा प्रश्न आता एका वेगळ्याच वाटेनं आपल्याकडे आला आहे. त्या वाटेचं नाव पॅलिओ आहार. शेती सुरू होण्याआधीचा माणूस जे खात होता तेच आपल्या शरीराला मानवतं, असं हा आहार मानतो. वॉल्टर व्होगटलिन या अमेरिकी डॉक्टरांनी १९७५ साली अश्मयुगीन आहारावर पुस्तक लिहिलं. १९८५ मध्ये बॉइड ईटन आणि मेल्विन कॉनर यांचा याच विषयावरचा लेख ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला आणि डॉक्टरमंडळींत चर्चा सुरू झाली. घराघरांत हा आहार पोहोचला तो लॉरेन कॉर्डेन यांच्या २००२ च्या पुस्तकामुळे. मांस, मासे, अंडी, भाज्या, फळं, सुकामेवा चालतो. धान्यं, कडधान्यं, दूधदुभतं, साखर आणि कारखान्यातलं तयार खाणं बंद.

अमेरिकेत या आहाराची पहिली अडचण झाली ती टॉर्टियाची. टॉर्टिया म्हणजे मेक्सिकोची मक्याची किंवा गव्हाची पातळ पोळी. मका आणि गहू दोन्ही धान्यंच, त्यामुळे ती गेली. मग बदामाचं पीठ, खोबऱ्याचं पीठ आणि कसावा कंदाचं पीठ यांच्या टॉर्टिया निघाल्या. टेक्सासमधल्या ऑस्टिन इथं गार्झा कुटुंबानं २०१४ मध्ये ‘सिएटे’ नावानं असा व्यवसाय सुरू केला. घरातल्या मुलीला रोगप्रतिकारशक्तीशी संबंधित आजार होता, म्हणून तिनं धान्याविना टॉर्टिया करून पाहिल्या होत्या. दहा वर्षांनी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, पेप्सिकोनं ही कंपनी १२० कोटी डॉलरना घेण्याचं जाहीर केलं. स्वयंपाकघरातल्या एका गरजेची बाजारात किती मोठी किंमत होते, ते यावरून कळतं.

बारामती-इंदापूरच्या वाचकानं अशी पाकिटं शोधत बसण्याचं कारण नाही. कसावा म्हणजे ज्याच्यापासून साबुदाणा होतो तोच कंद. तामिळनाडूत सेलमच्या परिसरात साबुदाण्याचा मोठा उद्योग आहे, आणि आपल्या प्रत्येक किराणा दुकानात साबुदाणा पोत्यानं असतो. याच कंदाची ‘कसाबे’ नावाची भाकरी कॅरिबियन बेटांवर कोलंबसाच्या आधीपासून भाजली जाते. डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोनं तिला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. आपल्या उपवासाच्या डब्यातल्या निम्म्याहून जास्त वस्तू मूळच्या अमेरिका खंडातल्याच आहेत: साबुदाणा, बटाटा, रताळं, शेंगदाणा, राजगिरा आणि हिरवी मिरचीसुद्धा. पोर्तुगीज जहाजं इकडे आल्यानंतरच्या काळात ही पिकं हळूहळू भारतभर रुजली. उपवासाच्या ताटात जुना, इथला म्हणावा असा शिंगाडा. तो आपल्याकडे भंडारा-गोंदियाच्या तळ्यांतून निघतो.

पण उपवासाची यादी जशीच्या तशी पॅलिओला चालत नाही. इथंच गफलत होते, म्हणून हा भाग नीट समजून घ्यायला हवा.

सगळ्यात मोठी फसगत भगरीची. भगर म्हणजे वरी किंवा सावा. उपवासाला चालते म्हणून ती धान्य नाही असा समज पक्का झाला आहे. प्रत्यक्षात ती बाजरी-नाचणीसारखीच गवताच्या कुळातली, म्हणजे धान्यच. उपवासाचं थालीपीठ भगरीच्या पिठावर उभं असेल तर ते पॅलिओ नव्हे. शेंगदाणा शेंगवर्गातला, तोही बाद. राजगिरा गवतकुळातला नाही, तो माठाचा भाऊ आहे. पण त्याचं दाण्यासारखंच पीठ करून खातात म्हणून काटेकोर पॅलिओवाले त्यालाही बाहेर ठेवतात. माळेगाव खुर्दला २००९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेनं कमी पाण्यात, मुरमाड जमिनीत येणारं पीक म्हणून किनोआवर काम केलं आहे. जिरायती शेतकऱ्यासाठी ते मोलाचं आहे. मात्र राजगिऱ्याचा नियम किनोआलाही लागू होतो. कंदांबद्दल तर पॅलिओवाल्यांत आपसातच मतभेद आहेत. कॉर्डेन यांच्या मूळ पुस्तकात बटाटा, रताळं आणि कसावा तिन्ही वर्ज्य होते. पुढे बहुतेकांनी रताळं आणि कसावा आत घेतले.

चाळून उरतं ते असं: शिंगाडा, रताळं, साबुदाण्याचं पीठ, खोबरं, बदाम, अंडी आणि पानं. एवढ्यावर गुंडाळता येणारी पोळी होते का? होते, पण तिचं गणित वेगळं आहे.

गव्हाची चपाती ताणली जाते ती ग्लुटेनमुळे. ग्लुटेन पिठाला जाळीसारखं बांधून धरतं. ज्वारीत ते नसतं, म्हणून गृहिणी उकळत्या पाण्यानं पीठ भिजवते. पिठातला स्टार्च गरम पाण्यानं फुगतो, चिकट होतो आणि भाकरी थापता येते. धान्याविना पोळीतही हीच युक्ती चालते. त्यामुळे भाकरी ज्या हातांना येते त्यांना ही पोळी शिकायला वेळ लागत नाही. चपातीच्या सवयीनं लाटायला गेलं की मात्र ती फाटते.

कृतीतला बारकावा रताळ्यात आहे. रताळं वाफवून, साल काढून, गरम असतानाच बारीक कुस्करायचं. गुठळी राहिली तर नेमकी तिथं पोळी तुटते. त्यात शिंगाड्याचं पीठ बसेल तसं घालायचं, अंदाजानं जितक्यास तितकं. मीठ, जिरं, वाटलेली मिरची. वरून पाणी घालायची घाई करायची नाही. रताळ्यातला ओलावाच बहुधा पुरतो. एखादा चमचा साबुदाण्याचं पीठ घातलं तर गोळा चांगला बांधून येतो. गोळा दहा मिनिटं झाकून ठेवायचा, मग ओल्या फडक्यावर किंवा केळीच्या पानावर थालीपिठासारखा पातळ थापून मध्यम आचेवर दोन्हीकडून भाजायचा. तव्यावरून उतरल्यावर लगेच फडक्यात गुंडाळायचं. वाफेनं पोळी मऊ राहते आणि वळते. गार झाल्यावर स्टार्च पुन्हा घट्ट होतो आणि तीच पोळी मोडते, म्हणून शाळेच्या किंवा शेताच्या डब्यासाठी ही पोळी तितकीशी कामाची नाही. तिच्यावर भरवसा ठेवायचा तो तव्यावरून ताटात.

डब्यासाठी अंड्याचं धिरडं खरं उपयोगी. दोन अंडी, चमचाभर साबुदाण्याचं पीठ, थोडं नारळाचं दूध किंवा पाणी, मीठ, कोथिंबीर. पातळ ओतायचं, कडा सुटल्या की उलटायचं. अंड्यातली प्रथिनं शिजली की लवचीक राहतात, त्यामुळे गार झाल्यावरही हे धिरडं फाटत नाही. शाकाहारी घरात इसबगोलाचा आधार घेता येतो. तो पाणी धरून पीठ बांधतो. मात्र असं खाल्लं की वरून पाणी भरपूर प्यायचं.

पानांची गुंडाळी तर आपल्याकडे जुनीच. अळूच्या पानातले सुईसारखे ऑक्झलेटचे स्फटिक घसा खाजवतात, म्हणून ते चिंच किंवा आमसूल लावून चांगलं शिजवावं लागतं. अळूवडीतलं बेसन पॅलिओला चालत नाही, त्याऐवजी शिंगाड्याचं पीठ लावता येतं. कोबीचं बाहेरचं पान उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवलं की मधली शीर नरम पडते आणि पान हवं तसं वळतं.

आत काय भरायचं याला इंदापूर तालुक्यात तोटा नाही. भिगवणच्या बाजारात उजनीच्या फुगवट्यातले रोहू, कटला, चिलापी रोज येतात. मटणाचं सुकं, वांग्याचं भरीत, परतलेली पालेभाजी, सगळं चालतं. पिठलं आणि मटकी मात्र नाही. शेंगदाण्याच्या चटणीची जागा कारळाची, तिळाची किंवा खोबरं-लसणाची चटणी घेऊ शकते, आणि कारळाची चटणी त्या जागी जास्त खुलते हे आवर्जून सांगायला हवं.

पिठांच्या बाबतीत एक सावधगिरी. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातल्या सोमठाण्यात सप्ताहातला उपवासाचा प्रसाद खाऊन शेकडो भाविकांना विषबाधा झाली. ओलसर जागी पडून राहिलेल्या पिठाला बुरशी लवकर धरते, आणि सणासुदीच्या आधी अन्न व औषध प्रशासन सुटी भगर आणि तिचं तयार पीठ टाळायला सांगत असतं. शिंगाड्याचं पीठही लवकर कुबट होतं. थोडं घ्यावं, पाकिटावरची तारीख पाहावी, डबा कोरडा ठेवावा.

आता मूळ दाव्याकडे. अश्मयुगीन माणूस धान्य खातच नव्हता, हे खरं आहे का? पुरावे वेगळं सांगतात. जॉर्डनमधल्या शुबायका इथं १४ हजार वर्षांपूर्वीच्या चुलीत जळलेल्या भाकरीचे तुकडे सापडले. त्यात रानटी धान्य आणि पाणवनस्पतीचे कंद दळून मिसळले होते. हा शोध २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. शेती त्यानंतर सुमारे ४ हजार वर्षांनी आली. मोझांबिकमधल्या एका गुहेतल्या दगडी हत्यारांवर तर एक लाखाहून अधिक वर्षांपूर्वीचे रानज्वारीच्या स्टार्चचे कण आढळल्याचं ‘सायन्स’ नियतकालिकात २००९ मध्ये आलं. ते कण खाण्यातलेच होते का, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण ज्वारी ही माणसाला परवा भेटलेली वस्तू नाही एवढं दिसतं. आपल्या भीमेच्या खोऱ्यात, शिरूर तालुक्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी तिथले लोक मुख्यतः जव पिकवत होते.

साखर, मैदा आणि पाकीटबंद खाणं सोडायला लावतो, हा पॅलिओचा मोठा गुण. ज्वारीवर त्यानं लावलेला आरोप मात्र टिकत नाही. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिनं असतात, शिवाय भरपूर तंतू. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नाहीतच. वजन किंवा साखर कमी करायची म्हणून भाकरी सोडून साबुदाण्याच्या पिठाची पोळी खाणं हा उलटा व्यवहार आहे. सिलिअॅक आजाराच्या रुग्णाला ग्लुटेन टाळावंच लागतं; त्यालाही ज्वारी, बाजरी, नाचणी चालते. त्याची काळजी गिरणीत घ्यायची असते, कारण आधी गहू दळलेला असेल तर तो पीठ होऊन आपल्या दळणात येतो. उपवासाचं दळण वेगळं काढायची आपली शिस्त या रुग्णांनी वर्षभर पाळावी. मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार किंवा गरोदरपण असेल तर धान्य एकदम बंद करण्याआधी डॉक्टरांना विचारायलाच हवं.

ज्यांना धान्य नकोच आहे त्यांनी घरी असताना शिंगाडा-रताळ्याची पोळी आणि डब्याला अंड्याचं धिरडं करावं. बाकीच्यांनी सुपे-मोरगावच्या जिरायती पट्ट्यातली रब्बी ज्वारी शेतकऱ्याकडून थेट विकत घ्यावी आणि भाकरी निर्धास्त खावी.