विश्लेषण : बाळासाठी जुना क्रिब घ्यावा का?

लालबाग-परळच्या टॉवरमधील घरातून निघालेला, जेमतेम वर्षभर वापरलेला लाकडी क्रिब व्हॉट्सॲप ग्रुपवर निम्म्या किमतीत मिळतो. गिरगावात एखाद्या घरी पोटमाळ्यावर आजोबांच्या वेळचा सागवानी पाळणा चादरीत बांधून ठेवलेला असतो. पहिल्या बाळाच्या तयारीला लागलेल्या घरात मग प्रश्न येतोच : नवा कशाला, जुना चालेल ना? चालतो, पण लाकडी सांगाडा आणि त्यातली गादी यांचे उत्तर एक नाही. आणि अनोळखी माणसाकडून घेतलेल्या क्रिबइतकीच कडक तपासणी घरच्या पाळण्याचीही व्हायला हवी.

पाळणा, झोळी आणि क्रिब यांत फरक काय?

घरात तिन्हींना पाळणाच म्हटले जाते. झुलत्या पाळण्याचे काम काही महिन्यांचे. बाळ कुशीवर वळू लागले किंवा हातांवर रेटा देऊन उठू पाहू लागले, की कमी उंचीच्या कडेवरून ते बाहेर पडू शकते. साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यात ही वेळ येते. क्रिब जमिनीवर स्थिर उभा असतो, चारही बाजूंना गजांचा उंच कठडा असतो आणि तो दीड-दोन वर्षे कामी येतो.

युरोपात प्रचलित असलेल्या एका मापाच्या क्रिबची गादी १२० बाय ६० सेंटीमीटर, म्हणजे चार बाय दोन फुटांची असते. बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत ही आठ चौरस फूट जागा कुठून काढायची, हा किमतीइतकाच मोठा प्रश्न. बाळाने पहिले सहा महिने तरी आईवडिलांच्याच खोलीत, पण वेगळ्या अंथरुणावर झोपावे, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. त्यातली पहिली अट चाळीत न सांगता पूर्ण होते!

झोळीबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवे. मऊ साडीच्या झोळीत बाळाची पाठ गोल होते आणि हनुवटी छातीकडे झुकते. मान सावरण्याची ताकद नसलेल्या तान्ह्या बाळाचा श्वासमार्ग त्यामुळे दबू शकतो. १० अंशांपेक्षा जास्त उतार असलेली बाळांची झोपण्याची साधने विकण्यास अमेरिकेने २०२२ मध्ये कायद्याने बंदी घातली. तो कायदा झोळीसाठी केलेला नाही, पण कारण तेच आहे. दिवसा समोर बसून झोका देणे वेगळे आणि रात्रभर झोळीतच निजवणे वेगळे.

एक प्रकार बंदच का झाला?

एका बाजूचा कठडा खाली सरकणारा क्रिब एकेकाळी सोयीचा मानला जाई. फार न वाकता बाळ उचलता येते. पण कडीचे प्लास्टिक झिजले, स्क्रू ढिला झाला किंवा जोडताना बाजू उलटी बसली, की कठडा एका टोकाला सुटतो. गादी आणि कठडा यांच्यात फट पडते आणि बाळ तिथे सरकून अडकते. २००० सालापासूनच्या दशकभरात अशा क्रिबमुळे किमान ३२ बालकांचा मृत्यू झाल्याचे अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने नोंदवले. २००७ पासूनच्या काही वर्षांत वेगवेगळ्या दोषांमुळे १ कोटी १० लाखांहून अधिक क्रिब परत मागवले गेले. अखेर डिसेंबर २०१० मध्ये नवे नियम मंजूर झाले आणि २८ जून २०११ पासून तिथे असे क्रिब बनवणे, विकणे, इतकेच काय, जुना म्हणून पुन्हा विकणेही बंद झाले.

त्याआधी तिकडे घेतलेला आणि मायदेशी परतताना सामानासोबत आणलेला क्रिब दादरच्या एखाद्या घरात आजही मजबूत दिसत असेल. विकणाऱ्याला या बंदीची कल्पना असेलच असे नाही. बाजू सरकते का, हा त्यामुळे पहिला प्रश्न. उत्तर ‘हो’ असेल तर किंमत विचारण्याची गरज नाही.

बघायला जाताना सोबत काय न्यावे?

मोजपट्टी. कंपासपेटीतली पट्टीही पुरते. दोन गजांमधले अंतर सहा सेंटीमीटरपेक्षा जास्त नसावे. अंतर त्याहून मोठे असेल तर बाळाचे पाय आणि धड बाहेर सरकते, डोके मात्र आत अडकते. शीतपेयाचा कॅन गजांमधून जाता कामा नये, असा एक परदेशी सल्ला फिरत असतो. तो तिकडच्या जाड कॅनचा आहे, आपल्याकडच्या बारीक कॅनने ती परीक्षा होत नाही. गादीचा तळ सर्वांत खालच्या जागी ठेवल्यावर तळापासून कठड्याच्या वरच्या काठापर्यंत किमान २६ इंच भरले पाहिजेत. गादी आणि कठडा यांच्या फटीत दोन बोटे आरामात जात असतील, तर ती गादी त्या क्रिबची नाही.

चोरबाजारात मटण स्ट्रीटवर जुने लाकडी सामान पाहणाऱ्यांना कोरीव खांबांचा मोह होतो. वर कळस, मोर, लाटणीकाम. तान्ह्या बाळासाठी नेमके तेच नको. वर आलेल्या टोकात अंगड्याची नाडी किंवा गळ्यातला काळा दोरा अडकतो. क्रिब कुठलाही असो, आत झोपणाऱ्या बाळाच्या गळ्यात दोरा नसावा.

सांगाडा किती वेळा सुटा केला, हे जरूर विचारावे. चाळीच्या अरुंद जिन्यातून क्रिब सुटा करूनच न्यावा लागतो. प्लाय किंवा भुशाच्या पाटीत प्रत्येक वेळी स्क्रूचे भोक थोडे मोठे होते, त्यात पावसाळ्यात पाटी फुगते. म्हणून क्रिब जोडलेल्या अवस्थेतच पाहावा, चारही कोपरे धरून जोरात हलवावा. हरवलेल्या बोल्टच्या जागी तार किंवा दोरी बांधलेली असेल तर परत फिरावे.

जुना रंग ओळखायचा कसा?

नुसत्या नजरेने ओळखता येत नाही, अडचण तीच आहे. भारतात घरगुती रंगांमध्ये शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त असू नये, हा नियम २०१६ मध्ये आला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधी रंगवलेल्या लाकडावर, विशेषतः चकचकीत ऑइलपेंटखाली, शिसे असू शकते. दात येऊ लागलेले बाळ कठडाच चावते. लहान मुलांसाठी शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याचा घाव मेंदूच्या वाढीवर बसतो. ‘पॉलिश पेपर मारून नवा रंग देऊ’ हा उपाय उलट जास्त धोक्याचा, कारण घासताना उडालेली धूळ त्याच खोलीत बसते. जुना, पोपडे सुटलेला रंग असेल तर तो क्रिब नकोच.

गादी आणि ढेकूण

सांगाडा उत्तम निघाला तरी गादी नवीच घ्यावी. जुनी गादी वापरणे आणि बाळाचा झोपेत अचानक होणारा मृत्यू यांच्यात संबंध दिसल्याचे स्कॉटलंडमधील एका अभ्यासाने २००२ मध्ये मांडले. गादी दुसऱ्या घरातून आलेली असेल तर तो अधिक ठळक होता. नेमके कारण त्यातून सिद्ध झाले नाही. पण खड्डा पडलेली, दमट, बुरशीचा वास येणारी गादी मुंबईत कोणीही टाळावी, त्यासाठी अभ्यासाची गरज नाही. नवी गादी कडक आणि सपाट हवी. बाळ उताणे निजवावे. डोके गोल व्हावे म्हणून घातली जाणारी मोहरीची उशी, कडेने लावायच्या मऊ गाद्या आणि जाड दुपटी झोपेच्या वेळी बाहेर ठेवावीत.

ढेकूण लाकडाच्या सांध्यांत आणि स्क्रूच्या भोकांत लपतात. गॅलरीतल्या उन्हात क्रिब ठेवल्याने ते संपतील याचा भरवसा नाही; साधारण ५० अंश सेल्सिअसची उष्णता सांध्याच्या आतपर्यंत पोहोचावी लागते. घेण्याआधी टॉर्च मारून सांधे पाहावेत. काळे ठिपके किंवा पांढरट अंडी दिसली, तर क्रिब घराच्या उंबऱ्याआत आणू नये. बाळ जिथे तोंड लावणार त्या लाकडावर औषध फवारणे हा पर्याय नाही.

घरच्या पाळण्याला नाही कसे म्हणायचे?

सर्वांत अवघड भाग हाच. ‘तुझा नवरा याच पाळण्यात वाढला’ असे सासूबाई म्हणतात, तेव्हा त्यापुढे मोजपट्टी काढणे सोपे नसते. रिकामा पाळणा हलवू नये, हे ज्या घरात कटाक्षाने पाळले जाते तिथे त्या लाकडात नुसते सामान नसते, हेही खरेच. मधला मार्ग आहे. बाराव्या-तेराव्या दिवशी बारशाला तोच पाळणा सजवावा, आत्याने त्यातच बाळाचे नाव ठेवावे, आज्यांनी चार माणसांत झोका द्यावा. रात्रीच्या झोपेसाठी साधा, मापात बसणारा क्रिब वेगळा असावा. बारशापुरता सजवलेला पाळणा भाड्यानेही मिळतो. तोही रात्रभर ठेवून घेऊ नये.

आणि तपासणीत नापास झालेला क्रिब पुन्हा ग्रुपवर ‘गरजूंसाठी मोफत’ म्हणून टाकू नये. बाजू मोडून, पुन्हा जोडता येणार नाही अशा अवस्थेतच तो भंगारवाल्याला द्यावा.