जलचरांचे गणगोत

उज्जैन येथील टावर चौकात एका सायंकाळी आम्ही एका मराठी कुटुंबासमवेत बसलो होतो. आम्ही समुद्रकिनाऱ्याकडून आलो आहोत हे कळताच त्या घरच्या धाकट्या मुलाने विचारले, "फादर, तुम्ही डॉल्फिन मासा पाहिला आहे का?" आम्ही म्हणालो, "पाहिला आहे, बाळा. पण तो मासा नव्हे."

त्या मुलाला समुद्र दूरचा वाटत होता. तथापि उज्जैनची क्षिप्रा चंबळेस मिळते, आणि चंबळेच्या खालच्या पात्रात गंगेचा डॉल्फिन आजही नांदतो. आपल्या किनाऱ्यावर कुबडाचा डॉल्फिन आणि त्याचाच लहानखुरा भाऊबंद भुलगा हे दोघे वावरतात. हे सारे प्राणी आपल्यासारखेच फुप्फुसांनी श्वास घेतात व पिलांना दूध पाजतात.

पाण्याखालच्या या प्राण्यांची नातीगोती माणसास कशी कळावीत? डॉल्फिनच्या पाठीवरील पराला आयुष्यभरात खाचा पडतात, आणि कोणत्याही दोघांच्या खाचा सारख्या नसतात. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात सारासोटा उपसागरामध्ये १९७० पासून अशा खुणांवरून एकेक डॉल्फिन ओळखून त्यांच्या पिढ्यान् पिढ्यांची नोंद ठेवली गेली आहे. भुलग्याच्या पाठीवर मात्र पर नसतो. त्यामुळे त्याच्या घरादाराची ओळख पटविणे फार कठीण जाते.

या अभ्यासातून दिसून आले ते असे. पिलू तीन ते सहा वर्षे आईजवळ राहते. मासे कोठे व कसे धरावेत, हे तेथेच शिकते. वयात आलेले दोन नर जोडीने राहू लागले, की ती मैत्री कित्येक वर्षे टिकते. प्रत्येक पिलू पहिल्या वर्षातच स्वतःची एक निराळी शीळ घडविते आणि तीच पुढे त्याचे नाव होते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात डॉल्फिनांना त्यांची स्वतःची शीळ यंत्रावर ऐकविली, तेव्हा त्यांनी हाकेला ओ द्यावी तसे उत्तर दिले. २०१८ साली उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, डॉल्फिनच्याच कुळातील एका ओर्का मादीने आपले मृत पिलू १७ दिवस पाण्यावर उचलून धरले होते. तिच्या मनात काय होते, हे आम्ही कसे सांगावे? परंतु ते दृश्य पाहून जगभरच्या माता गहिवरल्या.

हे ऐकून तो मुलगा क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "आणि आईच जाळ्यात अडकली तर?"

वाचकहो, हा प्रश्न आपल्या किनाऱ्याचाच आहे. उभ्या जाळ्यात गुरफटलेला डॉल्फिन श्वासासाठी वर येऊ शकत नाही; तो पाण्यातच गुदमरून मरतो. मादीला एका वेळी एकच पिलू होते, आणि दुसरे व्हावयास काही वर्षे जातात. म्हणून एक मादी गेली, की दूध पिणारे पिलू तर जातेच. शिवाय तिने पुढे दिली असती ती शिकवणही बुडते.

जाळे महाग असते आणि त्यावर घर चालते, हे आम्ही जाणतो. म्हणूनच एक गोष्ट आवर्जून सांगतो. २०१८ साली महाराष्ट्र शासनाने अशी योजना सुरू केली, की संरक्षित जलचराची सुटका करण्यासाठी जाळे कापावे लागले, तर मच्छिमारास २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळावी. तेव्हा जाळ्यात जिवंत डॉल्फिन अथवा भुलगा आढळल्यास जाळे कापण्यास कचरू नये. शक्य असल्यास छायाचित्र घ्यावे आणि मत्स्यव्यवसाय खात्याच्या कचेरीत कळवावे.

त्या मुलाला आम्ही एवढेच सांगितले, की त्या आईला सोडविणारे हातही किनाऱ्यावर आहेत. आमचा हा शब्द आता आपल्या हाती आहे.