स्कूल बस तयार, चालक मिळेना!

विद्यार्थी वाहतुकीच्या सुरक्षिततेची चर्चा बसचा पिवळा रंग, खिडक्यांचे गज आणि अग्निशामक यंत्र यांच्यापाशीच बहुधा थांबते. प्रत्यक्षात मुलांची सुरक्षितता अवलंबून असते ती चालकावर आणि दारात उभ्या राहणाऱ्या मदतनिसावर. नेमकी हीच माणसे मिळवणे आणि टिकवणे, हे आज या व्यवसायापुढील सर्वांत मोठे आव्हान आहे.

नियम काय सांगतात?

नोव्हेंबर १९९७ मध्ये दिल्लीत वझिराबाद येथे शाळेची बस यमुनेत कोसळून पंचवीसहून अधिक मुलांचा मृत्यू झाला. त्यानंतर महिनाभरातच सर्वोच्च न्यायालयाने स्कूल बससंबंधी निर्देश दिले. चालकाला अवजड वाहन चालविण्याचा किमान पाच वर्षांचा अनुभव हवा, वाहतुकीचे नियम वारंवार मोडणाऱ्यास हे काम देऊ नये, बसमध्ये मदतनीस असावा, अशा त्यातील प्रमुख अटी होत्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये स्कूल बसकरिता स्वतंत्र नियमावली लागू केली. बसमध्ये मुली असतील, तर महिला मदतनीस तीनुसार आवश्यक ठरते.

जबाबदारी पूर्ण, काम अर्धवेळ

या अटी रास्तच आहेत. परंतु त्या पूर्ण करणाऱ्या चालकाला इतरत्रही मागणी असते. मालवाहतूक, कंपन्यांच्या बस आणि खासगी प्रवासी वाहतूक या क्षेत्रांत वर्षभर काम मिळते. याउलट शाळेच्या फेऱ्या सकाळी व दुपारी विभागलेल्या असतात. मधले तास रिकामे जातात, तरी दिवस मात्र अडकून पडतो. उन्हाळी व दिवाळीच्या सुट्टीत बस उभीच राहते. त्या काळाचे वेतन कोणी द्यायचे, हा प्रश्न अनेक ठिकाणी अनुत्तरितच असतो. पहाटे घर सोडून दुपारी उशिरा परतणाऱ्या महिला मदतनिसांची अडचण तर याहून मोठी असते. परिणामी माणसे टिकत नाहीत आणि बदली चालकाला ना थांबे ठाऊक असतात, ना मुले.

करोनाकाळात हा पेच अधिक घट्ट झाला. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि बसगाड्या दीर्घकाळ जागेवरच राहिल्या. उत्पन्न थांबल्याने अनेक चालकांनी दुसरा व्यवसाय पत्करला.

वेळापत्रकाचे गणित

एकच बस दोन सत्रांतील विद्यार्थ्यांची ने-आण करते, तेव्हा तिचा खर्च भागतो. त्यामुळे शाळेच्या वेळेतील बदल थेट या व्यवसायाच्या मुळाशी जातो. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवण्याचे निर्देश राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिले. मुलांची झोप पूर्ण व्हावी, हा त्यामागील हेतू होता. तथापि दोन्ही सत्रांच्या वेळा जवळ आल्यास त्याच फेऱ्यांसाठी जादा बस आणि जादा चालक लागतील, असा बसमालकांचा आक्षेप होता.

याच वर्षी ऑगस्टमध्ये बदलापूरची घटना उघडकीस आल्यानंतर शाळेतील कर्मचाऱ्यांच्या चारित्र्य पडताळणीचा आग्रह शासनाने धरला. ही पडताळणी अत्यावश्यकच आहे. मात्र दर काही महिन्यांनी माणूस बदलत राहिला, तर तीही निव्वळ कागदोपत्री उरण्याचा धोका आहे.

शुल्क आणि सुरक्षितता

या खर्चाचा भार अखेर पालकांवर येतो. शुल्क वाढले की काही पालक क्षमतेपेक्षा अधिक मुले कोंबणाऱ्या व्हॅन आणि रिक्षांकडे वळतात. बसमधील विद्यार्थी घटतात, उरलेल्यांचे शुल्क आणखी वाढते आणि हे चक्र सुरूच राहते.

यावर उपाय २०११ च्या नियमावलीतच सापडतो. प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असावी आणि पालक प्रतिनिधींसह तिने सुरक्षितता, थांबे व बसभाडे या बाबींवर विचार करावा, अशी तरतूद तीत आहे. भाडे ठरवताना चालक व मदतनीस यांना सुट्टीतील वेतन मिळते का, गेल्या वर्षभरात किती चालक बदलले आणि बदली चालकाची पडताळणी झाली आहे का, हे प्रश्न याच समितीत विचारले जाणे आवश्यक आहे. स्वस्त बस आणि सुरक्षित बस यांतील फरक त्यांच्या उत्तरांतूनच स्पष्ट होईल.