चाके मोठी, पण किती मोठी?

घरच्या मोटारीला ‘स्पोर्ट्स कार’चा रुबाब आणण्याची हौस तरुणांना असतेच. पण ही हौस भागवताना टायरवर छापलेली चार अक्षरे वाचली, तर पैसाही वाचतो आणि जिवाचा धोकाही टळतो.

रायपूरच्या चौबे कॉलोनीत महाराष्ट्र मंडळाचा एखादा कार्यक्रम असला, की आसपासच्या गल्ल्यांतून मोटारींची रांग लागते. बहुतेक गाड्या साध्याच. पांढऱ्या, करड्या, घरातल्या सर्वांना पुरतील अशा. त्यांतच एखादी गाडी मात्र वेगळी दिसते. गाडी तीच, रंग तोच, पण काळीभोर मोठी अलॉय चाके, त्यांवर पट्टीसारखे पातळ टायर आणि मडगार्डच्या बाहेर डोकावणारी कड. गाडी वडिलांची आणि चाके मुलाची, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

या हौसेला नावे ठेवण्याचे कारण नाही. मोटारीची चाल ज्या एका गोष्टीने सर्वांत जास्त बदलते, ती गोष्ट म्हणजे टायर. तेव्हा मुलाने इतर नटव्या वस्तूंपेक्षा चाकांवर पैसे खर्च करायचे ठरवले, तर त्याची निवड मुळात चुकीची नाही. चूक होते ती मापाची. दुकानात चाकांचे नक्षीकाम तासभर पाहिले जाते आणि माप मात्र ‘बसून जाईल’ एवढ्या एका वाक्यावर ठरते.

अस्सल स्पोर्ट्स कार आपल्याकडे तशी दुर्मीळच. गोव्यात सॅन मोटर्सने ‘सॅन स्टॉर्म’ ही दोन आसनांची, उघड्या टपाची छोटी गाडी काढली होती. मुंबईच्या दिलीप छाब्रिया यांची ‘डीसी अवंती’ २०१२ मध्ये दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात झळकली. दोन्ही गाड्या बाजारात फार काळ टिकल्या नाहीत. त्यामुळे रायपूर असो की नागपूर, स्पोर्ट्स कारची हौस बहुधा घरच्या हॅचबॅकवरच भागवली जाते.

पण खऱ्या स्पोर्ट्स कारची चाके मोठी का असतात, हे एकदा समजून घेतले पाहिजे. ताशी २००-२५० किलोमीटरचा वेग रोखायला ब्रेकच्या तबकड्या मोठ्या लागतात आणि त्या मावण्यासाठी रिम मोठी करावी लागते. वळणावर टायरची भिंत लचकू नये म्हणून ती बुटकी ठेवतात. पोर्शे ९११ चे इंजिन मागे असते, सगळी ताकद मागच्या चाकांवर येते, म्हणून तिचे मागचे टायर पुढच्यांपेक्षा बरेच रुंद असतात. अलीकडच्या ९११ मध्ये पुढे २३५ आणि मागे २९५ मिलिमीटर रुंदीचे टायर आहेत. म्हणजे प्रत्येक मापामागे काही कारण आहे. कारण मागे ठेवून नुसते माप उचलले, की गाडीला दुसऱ्याचा अंगरखा घातल्यासारखे होते.

टायरची जन्मपत्रिका

टायरच्या बाजूवर १८५/६५ आर १५ ८८ एच असे काहीतरी छापलेले असते. यातला पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो. दुसरा आकडा शेकड्याचा आहे. टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे १२० मिलिमीटर, असा त्याचा अर्थ. ‘आर’ म्हणजे रेडियल आणि १५ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. पुढचा ८८ हा भार सांगणारा अंक, आणि ‘एच’ हे अक्षर वेगाची मर्यादा सांगते.

आता थोडे शाळेतले गणित. भिंतीची उंची दुप्पट करायची (कारण भिंत वरही आहे आणि खालीही), त्यात रिमचा व्यास मिळवायचा. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. १५ इंच म्हणजे ३८१. त्यात २४०.५ मिळवले की ६२१.५ मिलिमीटर. हा झाला पूर्ण चाकाचा बाहेरचा व्यास. चाके बदलताना जो आकडा शक्यतो हलू द्यायचा नाही, तो हाच.

याचे उत्तम उदाहरण कारखान्यानेच घालून दिले आहे. २०१८ मध्ये आलेल्या मारुती स्विफ्टच्या स्वस्त प्रकारांना १६५/८० आर १४ मापाचे टायर होते, तर महाग प्रकारांना १८५/६५ आर १५. रिम एका इंचाने वाढली, टायर २० मिलिमीटरने रुंद झाला. पण व्यास? पहिल्याचा ६१९.६ आणि दुसऱ्याचा ६२१.५. फरक जेमतेम दोन मिलिमीटरचा! रिम जितकी वाढली, तितकी टायरची भिंत कमी केली. चाकांच्या धंद्यात याला ‘प्लस वन’ म्हणतात. याच हिशेबाने १९५/५५ आर १६ हे माप ६२०.९ मिलिमीटरचे भरते आणि तेही गणितात बसते.

याउलट, कोणी १६ इंची रिमवर २०५/६० चा टायर चढवला, तर व्यास ६५२ मिलिमीटरवर जातो. म्हणजे ५ टक्के वाढ. चाक एका फेऱ्यात जास्त अंतर तोडते, पण गाडीच्या काट्याला ते कळत नाही. काटा ताशी १०० दाखवतो, तेव्हा गाडी पूर्वीच्या मानाने १०५ ने धावत असते. किलोमीटरही कमी नोंदले जातात आणि गाडीचे ॲव्हरेज एकाएकी पडल्यासारखे वाटते. शिवाय चाक पूर्ण वळवले किंवा मागे तीन माणसे बसली, की टायर आतल्या अस्तराला घासू लागतो. व्यासातील फरक ३ टक्क्यांच्या आत असावा, असा संकेत सर्वत्र पाळला जातो. तो दीड-दोन टक्क्यांच्या आत ठेवलेला अधिक बरा.

पहिल्या परीक्षेत पास, दुसरीत नापास

मग मुलगा वही पुढे करतो. २०५/४५ आर १७ चा व्यास ६१६ मिलिमीटर. फरक एक टक्काही नाही. मग १७ इंची का नको?

प्रश्न रास्त आहे आणि गणितही बरोबर आहे. पण चाक गणितावर धावत नाही, रस्त्यावर धावते. १४ इंची चाकावर टायरची भिंत १३२ मिलिमीटर उंच होती. १७ इंचीवर ती ९२ उरते. रस्ता आणि रिम यांच्यामधली हवेची उशी चार सेंटिमीटरने कमी झाली. खड्ड्याची धार टायरला दाबते, तेव्हा हीच उशी धक्का खाते. ती पातळ असली, की धक्का रिमला लागतो. रिम वाकते किंवा तिला चीर जाते. टायरच्या आतले धागे तुटून बाजूला फुगा येतो. असा फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो फेकूनच द्यावा लागतो. फुगा दिसत असूनही गाडी चालवत राहणे म्हणजे संकटाला आमंत्रण.

रायपूरच्या कुटुंबाला हा हिशेब विशेष लागू पडतो. नवा रायपूरचे रुंद, गुळगुळीत रस्ते पाहून १७ इंचीचा मोह होतो खरा. पण घरची गाडी काही रोज नवा रायपूरला फेरफटका मारत नाही. ती जी. ई. रोडच्या गर्दीतून जाते, पावसाळ्यात पाणी साचलेल्या गल्लीतून जाते, गतिरोधकांवरून आपटत जाते. आणि लग्नसराईत ती नागपूरला जाते. दुर्ग, राजनांदगाव, बाघनदी, देवरी, साकोली, भंडारा असा सुमारे तीनशे किलोमीटरचा रस्ता. चौबे कॉलोनीतल्या मराठी घरांपैकी अनेकांची निम्मी सोयरीक त्या टोकाला असते. गाडीत पाच माणसे, डिकीत आहेराचे सामान, मे महिन्याचे ऊन आणि पुढे-मागे मालट्रक. टायरची खरी परीक्षा तिथे होते.

त्या प्रवासात भाराचा अंक फार महत्त्वाचा. ८८ या अंकाचा टायर ५६० किलो भार पेलतो. २०५/४५ आर १७ मापाचे साधे टायर बहुधा ८४ अंकाचे, म्हणजे ५०० किलोचे असतात. चार चाकांचे मिळून २४० किलो कमी झाले. साधारण तीन-चार माणसांचे वजन! टायर दिसायला दणकट, पण पेलायला अशक्त, असा हा प्रकार. याच मापात जास्त भाराचे, ‘एक्स एल’ अशी खूण असलेले टायरही मिळतात. नवा टायर घेताना भाराचा अंक मूळ टायरपेक्षा कमी असता कामा नये. वेगाच्या अक्षराचेही तसेच. ‘एस’ म्हणजे १८०, ‘टी’ १९०, ‘एच’ २१०, ‘व्ही’ २४०. इतक्या वेगाने कोणी जात नाही हे खरे, पण वरच्या अक्षराचा टायर उष्णता अधिक सोसतो. पारा ४५ अंशांच्या आसपास जाणाऱ्या गावात हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

उन्हाळ्यात हवा थोडी कमी भरावी, हा सल्ला मात्र चुकूनही ऐकू नये. कमी हवेचा टायर जास्त लचकतो, लचकला की तापतो आणि तापला की फुटतो. दाराच्या चौकटीवरील चिठ्ठीत दिलेला दाब हा थंड टायरचा असतो आणि हवा सकाळी गाडी निघण्यापूर्वीच तपासायची असते. टायरचे माप बदलले, तर नव्या मापाला किती दाब लागेल, हे टायर कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून लिहून घ्यावे.

रुंद टायरचा आणखी एक गुण-दोष. कोरड्या रस्त्यावर त्याची पकड चांगली, पण साचलेल्या पाण्यावर तो अरुंद टायरपेक्षा लवकर तरंगू लागतो. छत्तीसगडच्या पावसाळ्यात हे विसरून चालत नाही.

भोके जुळली म्हणजे चाक बसले नाही

रिम घेताना दुकानदार आधी भोके मोजतो. चार भोके आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास १०० मिलिमीटर, किंवा पाच भोके आणि व्यास ११४.३, अशी मापे असतात. ९८ आणि १०० यांतला फरक डोळ्यांना दिसत नाही, आणि नट जोर लावून आवळलाही जातो. पण अशा चाकाचे नट तिरपे बसतात आणि सैल होत जातात.

मधले मोठे भोकही हबवर नीट बसले पाहिजे. ते मोठे असेल, तर मध्ये योग्य मापाची कडी लागते, नाहीतर ताशी ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरते आणि बॅलन्सिंगवर पैसे जात राहतात.

तिसरी गोष्ट ‘ऑफसेट’. रिमच्या मधल्या रेषेपासून हबला टेकणारा भाग किती मिलिमीटर दूर आहे, ते हा आकडा सांगतो. ४५ च्या जागी ३५ ऑफसेटची रिम लावली, तर चाक १० मिलिमीटर बाहेर येते. तरुणांना नेमके हेच हवे असते. पण बाहेर आलेले चाक बेअरिंगवर जास्त जोर टाकते, चिखल दारांवर उडवते आणि स्टिअरिंगची मूळ चाल बिघडवते. मूळ आकड्याच्या चार-पाच मिलिमीटर इकडेतिकडे ठीक, त्यापुढे नको. मध्ये चकत्या घालून चाक बाहेर काढण्याचा उद्योग तर मुळीच नको.

वजनही पाहावे. मोठी, ओतीव, स्वस्त रिम पुष्कळदा मूळ चाकापेक्षा जड निघते. स्प्रिंगच्या खाली वाढलेले वजन गाडी आळशी करते, मग चेहरा स्पोर्ट्स कारचा आणि चाल मालगाडीची. नामांकित रिमच्या नकला बाजारात कमी नाहीत. रिमवर भाराची मर्यादा कोरलेली असावी, टायरवर आयएसआय चिन्ह असावे. टायरवरचा चार अंकी शिक्काही वाचावा. २३२४ म्हणजे २०२४ सालच्या २३व्या आठवड्यात तयार झालेला. ‘नवा’ म्हणून तीन वर्षे गोदामात पडलेला टायर गळ्यात मारला जाऊ नये.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरबदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद झाली. मालक म्हणजे ज्याच्या नावावर गाडी आहे तो, म्हणजे बहुधा वडील!

म्हणून सर्वांत निर्धोक मार्ग असा, की त्याच गाडीच्या महाग प्रकाराला कारखान्याने जे माप दिले आहे, तेच घ्यावे. ते गाडीच्या पुस्तिकेत छापलेले असते. १४ इंचीवरून १५ इंचीवर जाण्यात गाडी देखणी होते, वळणावर घट्ट बसते आणि उशीही फारशी कमी होत नाही. बाहेरची रिम घेतली, तर विमा कंपनीला लेखी कळवून तिची किंमत पॉलिसीत नोंदवून घ्यावी.

चाके बसवल्यावर दुकानातून लगेच घरी निघू नये. चाक दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे. मागे तीन माणसे बसवून एका गतिरोधकावरून गाडी न्यावी आणि कुठे घासल्याचा आवाज येतो का, ते ऐकावे. नट हवेच्या बंदुकीने नव्हे, तर टॉर्क रेंचने, ठरलेल्या जोरानेच आवळून घ्यावेत आणि पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत. अलॉयचे नट आणि डिकीतल्या जुन्या लोखंडी चाकाचे नट कधी कधी वेगळे असतात. तसे असल्यास जुने नट पिशवीत घालून स्टेपनीपाशीच ठेवावेत. देवरीच्या पुढे रात्री पंक्चर झाले, तर घरी फडताळात राहिलेले नट काय कामाचे?